खडी फोडणाऱ्यांची लेकरे खडीवरच्या शर्यतीला

खडी म्हटले की आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्या साली दुष्काळी कामावर उन्हात बसून आपल्या आया-बहिणींनी हातोड्याने खडी फोडली, बोटे चेचून घेतली, आणि त्या खडीचे रस्ते झाले. अशाच खडीच्या रस्त्यावर पुढे सायकलीच्या शर्यती लागतील आणि त्यात भाग घ्यायला माणसे विमानाने येतील, असे कोणी त्यांना सांगितले असते तर हातोडा बाजूला ठेवून त्या पोटभर हसल्या असत्या. परंतु आज तसे घडत आहे खरे. या प्रकाराला ग्रॅव्हल रेस म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम, कच्चा रस्ता. आपल्या खेड्याकडे जाणारी वाट असते तशीच.

या शर्यतींपैकी सर्वांत नावाजलेली शर्यत अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांमध्ये होते. २००६ साली ती सुरू झाली तेव्हा अवघे ३४ स्वार होते आणि अंतर होते २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. तिचे जुने नाव 'डर्टी कान्झा' असे होते. कान्झा हे तिथल्या मूळ रहिवासी जमातीचे नाव आणि डर्टी म्हणजे घाण! २०२० साली आयोजकांनी ते नाव टाकून 'अनबाउंड' असे नवे नाव घेतले. नावात काय असते असे विचारणाऱ्यांना आपल्या वाचकांनी काय उत्तर द्यावे, ते आम्ही सांगण्याची गरज नाही. पुढे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली आणि खडीला राजमान्यता मिळाली.

पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती केनियातील 'मायग्रेशन ग्रॅव्हल रेस'. मसाई मारा हा वन्य प्राण्यांसाठी जगप्रसिद्ध असलेला प्रदेश. तिथे मसाई लोकांच्या गावांतून आणि राखीव रानांतून ही शर्यत २०२१ पासून सुरू झाली. चार दिवस आणि सुमारे ६५० किलोमीटर! ती सुरू करण्यामागचा विचार साधा होता. पूर्व आफ्रिकेतल्या मुलांच्या पायांत बळ आहे, पण युरोपात जाऊन शर्यत खेळायची तर व्हिसा नाही, पैसा नाही, ओळख नाही. मग शर्यतच त्यांच्या दारात आणली तर? बाहेरचे नावाजलेले स्वार तिथे यावेत आणि घरच्या मुलांनी घरच्याच रस्त्यावर त्यांच्याशी टक्कर घ्यावी. या मुलांच्या संघाचा कर्णधार होता सुले कांगांगी. गरिबीमुळे त्याची शाळा सुटलेली. तो २०१७ मध्ये रवांडाच्या सायकल शर्यतीत तिसरा आला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत व्हरमाँट येथील खडीच्या शर्यतीत पडून त्याचा मृत्यू झाला. ही दुसरी बाजूही वाचकांना सांगितली पाहिजे. खडीवरचा वेग हा खेळण्यासारखा विषय नाही.

आता आपल्याकडे वळू. जळगाव-धुळ्याच्या आमच्या ओळखीच्या वस्त्यांमधली दहा-बारा मुले-मुली गेल्या हिवाळ्यापासून अशा शर्यतीची तयारी करू लागली आहेत. कोणी पेपर टाकतो, कोणी कॉलेजात आहे, एक मुलगी बारावीला आहे. एका शर्यतीचे माहितीपत्रक त्यांच्या हाती पडले होते. प्रवेश फी वाचून निम्मी मुले गप्प झाली, आणि सायकलीची अपेक्षित किंमत वाचून उरलेली. चांगली ग्रॅव्हल सायकल लाखाच्या पुढेच जाते. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. आकडा मोठा दिसला की तो फोडून बघायची सवय. त्या लाखात नेमके काय काय असते, ते एकेक करून पाहिले.

पहिली गोष्ट टायर. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला २५ ते २८ मिलिमीटरचा बारीक टायर असतो. खडीवर तो चालत नाही. तिथे ४० मिलिमीटरच्या आसपासचा रुंद टायर लागतो. आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ गुणिले दीड इंची टायर किती रुंदीचा? सुमारे ४० मिलिमीटरचाच! मुलींच्या २६ इंची सायकलीचा ३७ च्या जवळपास. म्हणजे जे रुंद चाक अलीकडे नवा शोध म्हणून विकले जाते, ते आपल्या घरी आजोबांच्या काळापासून आहे. फक्त हवा जरा कमी ठेवावी. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. दगडासारखा टणक टायर खडीवर उड्या मारतो आणि स्वाराला फेकतो. फारच कमी हवा ठेवली तर दगड आणि रिंग यांच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते आणि पंक्चर होते.

दुसरी गोष्ट गिअर. साध्या सायकलीला गिअर नाही, ही अडचण खरी आहे. पण हिशेब करा. पुढे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. सपाटीवर ठीक, पण चढावर गुडघे बोलू लागतात. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की बरोबर दोन फेरे. सपाटीवरचा वेग थोडा कमी होतो, परंतु चढ उतरून ढकलत न नेता बसल्या बसल्या पार होतो. मिस्त्रीकडे हे काम तासाभराचे आहे आणि खर्च दुपारच्या जेवणाइतका. चेन त्याप्रमाणे जोडून घ्यावी, चाकांचा आउट काढून घ्यावा, आरे ताणून घ्यावेत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. सळईचे ब्रेक आणि लोखंडी रिंग ओली झाली की सायकल थांबता थांबत नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जुनी गिअरची सायकल घ्यावी, बाजारात वापरलेली मिळते. ज्यांची नाही त्यांनी ब्रेकची रबरे नवी घालावीत आणि मोठा उतार चालत उतरावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. वजनाचा फरकही लपवता येत नाही. काळी सायकल वीस किलोच्या घरात, ग्रॅव्हल सायकल नऊ-दहा किलोची. त्यामुळे साध्या सायकलीवर पहिला नंबर येईल असे स्वप्न आम्ही कोणाला दाखवत नाही. अशा शर्यतींत लांब अंतराच्या जोडीला लहान टप्पेही असतात. 'अनबाउंड'मध्येच ५० मैलांचा, म्हणजे ८० किलोमीटरचा गट आहे. आमच्या मुलांनी ८० हाच आकडा धरला आहे. तेवढे अंतर न थकता, न पडता पुरे करायचे. एवढे ज्याला जमले त्याच्यासाठी सायकल मागायला आम्ही कोणाच्याही दारात जाऊ.

सरावाला कुठे जायचे, याचे उत्तर धुळेकरांना शोधावे लागत नाही. शहरापासून दहा-एक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आणि त्याच्या अंगाचे वनखात्याचे कुरण. तिथल्या लांडोर बंगल्यात १९३७ साली बाबासाहेबांचा मुक्काम झाला होता, आणि त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसे तिथे जमतात. तो चढ मुलांनी आईच्या कडेवरून पाहिलेला आहे. आता तोच चढ पायडल मारून चढताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हमरस्त्याचा भाग मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊन, एकामागे एक अशाच रांगेने पार करावा. जळगावकडच्या मुलांना गिरणेच्या पाटाकडेचे रस्ते आणि शेताच्या पांदणवाटा आहेत. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये चाक अडते. तेव्हा कच्च्यात जाऊ नये. एप्रिल-मेचे ऊन तर सांगायलाच नको. खरा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. दोन दिवस तासभर, आणि रविवारी लांब. पहिल्या रविवारी २० किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत तीन महिन्यांत ७० पर्यंत. खडीवर हँडल आवळून धरू नये, कोपर सैल ठेवावे, खडबडीत जागी सीटवरून किंचित उठावे. नजर चाकाखाली नव्हे, दहा-पंधरा पावले पुढे. वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस आडवा झालाच. हेल्मेटशिवाय कोणाला नेत नाही. आमच्या गटात तीन हेल्मेटे आहेत, ती पाळीपाळीने वापरतात आणि बाकीची मुले त्या दिवशी धावतात. बाभळीचा काटा हा खान्देशातला खरा शत्रू. म्हणून पंप, एक जादा ट्यूब, पाने आणि ठिगळाचे सामान प्रत्येकाजवळ हवेच. पंक्चर काढता आल्याशिवाय लांबच्या फेरीला येता येणार नाही, असा नियमच केला आहे. आतापर्यंत सर्वांत कमी वेळात पंक्चर काढते ती बारावीतली मुलगी.

या मुलीजवळची सायकल मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मिळते, ती. तिची आई आम्हांला म्हणाली, "दादा, सायकल शायेसाठी दिली सरकारनं, जंगलात फिराले नाही." प्रश्न योग्य होता. आम्ही तिलाच एका रविवारी सोबत नेले. कुरणाच्या कडेला सावलीत बसून तिने सगळ्यांचे डबे राखले, आणि मुलगी चढ चढून परत आली तेव्हा पहिले विचारले ते पाणी प्यालीस का. पुढच्या रविवारी तिने स्वतःहून डबा जास्त भरून दिला.

खाण्याची चिंता जळगाव जिल्ह्यात तरी करू नये. परदेशातले स्वार ताकदीच्या पुड्या खातात. आपल्या रावेर-यावलची केळी त्याच कामाची आहेत. दर तासाला एक केळे, जोडीला गूळ-शेंगदाणे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. आदल्या रात्री नेहमीचीच भाकरी-भाजी खावी. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ पोटात नको.

आता रानाविषयी, कारण ही शर्यत रानातली आहे. आपल्या भागात यावल अभयारण्य १९६९ चे, १७५ चौरस किलोमीटरचे. शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे अभयारण्य आणि चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट, ही दोन्ही १९८६ ची. पाटणादेवी गौताळ्यातच आहे आणि पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणीही तिथलीच. मुक्ताईनगर तालुक्यातले मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ चे. त्या बाजूला डोलारखेड्याच्या शिवारात वाघाचा वावर आहे. अशा ठिकाणी वाटेल तेव्हा सायकल घालता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्य ओलांडणाऱ्यास परवाना लागत नाही, पण हमरस्ता सोडून आत वळलात की मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा परवाना हवा. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी देता येतो त्याची यादी आहे. त्यात वन्यजीवांचा अभ्यास आहे, छायाचित्रण आहे, संशोधन आहे, पर्यटन आहे आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहारही आहे. शर्यत हा शब्द यादीत नाही! कारकुनाच्या नजरेला यादीत काय नाही तेच आधी दिसते. म्हणून कोणी अभयारण्यात शर्यत भरवतो म्हणाला, तर फी भरण्याआधी परवान्याची प्रत मागावी.

परवान्याखेरीज आणखी एक संमती लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी, पावरा, बारेला बांधव राहतात. ज्या पायवाटेने शंभर सायकली धावणार, ती कोणाच्या तरी गुरांची, पाण्याची, शाळेची वाट असते. त्यांना आधी विचारणे हा आमच्या मते तयारीचाच भाग आहे. पाणी देण्याचे, जेवणाचे, वाट दाखवण्याचे काम आणि त्याचा मोबदला त्यांनाच मिळाला पाहिजे. त्यांच्या मुलांना फी माफ असावी. डोंगरात रोज सायकल हाणणारी ती मुले आमच्या मुलांना मागे टाकतील, हेही आम्ही ओळखून आहोत.

सरावाला जाणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीला रानाच्या कडेला थांबू नये. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, ते विसरण्याजोगे नाही. एकटे जाऊ नये, कानात गाणी घालू नयेत, रस्त्याकडेला वाकून किंवा उकिडवे बसून पंक्चर काढत असताना दोघांनी उभे राहून लक्ष ठेवावे. केळीच्या सालीसकट सगळा कचरा परत आणावा.

येत्या हिवाळ्यात ज्यांना आपल्या वस्तीत असा गट करायचा आहे त्यांनी दिवाळीपूर्वीच सायकली काढून तपासाव्यात. फ्रीव्हील बदलायला आणि आउट काढायला रविवार घालवू नये. ते काम शनिवारी संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानात होते.