द्विमान आज्ञावलीकडून असेंब्ली भाषेकडे : पीडीपी-८ मिनी संगणकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मूळ लिखित आज्ञावली हरवली आणि केवळ छिद्रित कागदी फीत शिल्लक उरली, तर त्या फितीवरील द्विमान अंकांतून असेंब्ली भाषेतील आज्ञा पुन्हा मिळवाव्या लागतात. या प्रक्रियेस ‘डिसअसेंब्ली’ असे म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये बाजारात आणलेल्या पीडीपी-८ या मिनी संगणकाच्या आधारे प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

रचना व पद्धती :
पीडीपी-८ चा शब्द १२ बिटांचा असून त्याची मूळ स्मृती ४०९६ शब्दांची होती. ती प्रत्येकी १२८ शब्दांच्या ३२ पृष्ठांत विभागलेली असे. शब्दातील पहिले ३ बिट आज्ञेचा प्रकार दर्शवितात. त्यामुळे मूलभूत प्रकार आठच होतात. त्यांपैकी सहा प्रकार स्मृतीचा पत्ता देतात. त्यांत चौथा बिट पत्ता प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष हे सांगतो, पाचवा बिट शून्य पृष्ठ की चालू पृष्ठ हे ठरवितो आणि उरलेले ७ बिट पृष्ठातील स्थान दर्शवितात. उदाहरणार्थ, अष्टमान पद्धतीतील ०२०० या स्थानी १२०५ हा अंक असल्यास ‘०२०५ या स्थानातील संख्या संचायकात मिळवा’ असा त्याचा अर्थ होतो.

अडचणी :
येथवरचे काम तक्त्यावरून करता येते. खरा प्रश्न पुढे उद्भवतो. आज्ञा आणि आधारसामग्री एकाच स्मृतीत नांदतात. ७४०२ हा अंक ‘थांबा’ ही आज्ञा असू शकतो, तसाच तो उणे २५४ ही संख्याही असू शकतो. आरंभस्थानापासून आज्ञांचा प्रवाह अनुसरणे हा यावरील उपाय होय. परंतु तोही पुरेसा नाही. ‘जेएमएस’ ही आज्ञा परतीचा पत्ता उपआज्ञावलीच्या पहिल्या शब्दात साठविते. या सोयीचा लाभ घेऊन आज्ञावलीकार उपआज्ञावलीला लागणारी मूल्ये त्या आज्ञेच्या लगेच पुढे लिहीत असत. यांत्रिकपणे वाचणारा त्यांनाही आज्ञाच समजतो. शिवाय काही आज्ञावली चालू असताना स्वतःच्याच आज्ञा बदलतात. आज्ञा व आधारसामग्री अचूक वेगळी करणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वात असू शकत नाही, हे संगणनशास्त्राने दाखवून दिले आहे.

निष्कर्ष :
डिसअसेंब्लीतून आज्ञा परत मिळतात. मूळ लेखकाने दिलेली नावे व टिपा मात्र द्विमान रूपात उतरलेल्याच नसल्याने परत मिळत नाहीत. त्या अभ्यासकाला तर्काने नव्याने लिहाव्या लागतात. म्हणूनच जुन्या आज्ञावलींचे जतन करताना फितीइतकेच महत्त्व मूळ लिखित प्रतीला देणे अगत्याचे ठरते.