मिनिटाला २८८ ठोके

सकाळी ८.३० – कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शटर वर गेलं. आत गर्डरच्या तुकड्यांची छातीएवढी चौकट उभी आहे. वेल्डिंग कालच झालंय. मिस्त्री गॅरेजवाल्यांना पत्रा ठोकून देतात, जीपचे मडगार्ड, बुलेटच्या टाक्या. त्यांचा उजवा खांदा आता रात्री झोपू देत नाही. तयार पॉवर हॅमर परवडत नाही. म्हणून भंगारातून.

९.१५ – जीपचा जुना पाटा, ६०० रुपये. मधोमध क्लॅम्पमध्ये धरायचा. मागचं टोक एक्सेंट्रिकला, पुढचं हातोड्याच्या डोक्याला. "भोक पाडू नको, तिथंच तुटंल," मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतात. पाटा लवतो म्हणून ठोका झटक्याने बसतो. ताठ दांडा असता तर मार बेअरिंगनं खाल्ला असता.

११.०० – जुनी मोटर, २ एचपी, १४४० आरपीएम, साडेतीन हजार. मोटरला ३ इंची पुली, समोर एक्सेंट्रिकला १५ इंची. चौकटीवर खडूने भागाकार: २८८. पट्टा मुद्दाम ढिला. पॅडल दाबलं की तिसरी छोटी पुली तो ताणते. अर्धं दाबलं तर पट्टा घसरतो, ठोके हळू पडतात.

१.३० – भाकरी, झुणका.

२.०० – चाचणी. चौकट जागेवरून सरकायला लागली. बंद. खाली रबर, अँकर बोल्ट. पुन्हा चालू. १८ गेजच्या पत्र्यावर चंद्रकोरीसारखे वण उठले. ठोका देणाऱ्या डायची कड धारेची राहिलीय.

२.४० – डाय ॲक्सलच्या तुकड्याची. आधी ग्राइंडर, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. मिस्त्री दर पाच मिनिटांनी डोळे मिटून अंगठा फिरवतात. दोन तास हेच. मला विचाराल तर यंत्र खरं इथं तयार झालं. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारेही हातोड्याचं तोंड असंच आरशासारखं राखतात.

५.०० – मडगार्डचा पत्रा डायखाली. जिथं ठोके पडतात तिथं पत्रा पातळ होतो, पसरतो, फुगतो. पत्रा फिरवायचे ते मिस्त्रींचे हातच. वण नाही. पोरगं हसलं.

६.४५ – हिशेब. पाटा ६००, मोटर ३,५००, पुल्या-पट्टा-बेअरिंग २,९००, गर्डर ४,२००, रॉड-बोल्ट ८००. बारा हजार. पोराचा रोज ५०० वेगळा. मिस्त्रींनी स्वतःची मजुरी धरलेली नाही.