गणिताच्या शिक्षकांनो, अर्ज स्वतः करा!

परवा एसटीत जिल्हा परिषद शाळेतल्या एक मॅडम भेटल्या. अपूर्णांक शिकवायला त्या कागदाच्या घड्या वापरतात. मुलं स्वतः घड्या घालून पाव, अष्टमांश शोधतात. मी भारावून गेलो. त्या म्हणाल्या, "पुरस्कारासाठी आमचं नाव कोण पाठवणार?"

कुणी पाठवायची गरजच नाही! राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करतात. जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय पातळीवर निवड होते. रौप्यपदक, प्रमाणपत्र आणि 50,000 रुपये मिळतात. म्हणून वर्गातल्या उपक्रमांचे फोटो, मुलांच्या वह्यांची पानं आत्तापासून जपा.

मला मात्र रोजच्या शिकवण्यातला आधार जास्त मोलाचा वाटतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'ॲट राइट अँगल्स' हे शालेय गणिताचं नियतकालिक 2012 मध्ये सुरू झालं. इंग्रजीत आहे, पण नेटवर मोफत. शिक्षकांचे लेखही त्यात येतात, तेव्हा लिहा! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 हा स्थिरांक जगभर पोचला, कारण त्यांनी तो लिहून प्रसिद्ध केला.

अर्जाबद्दल किंवा लेख लिहिण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा. मला माहीत असलेलं सगळं सांगेन.