रोपलेले केस आणि मिनॉक्सिडिल: औषध नेमकं कुणासाठी?

भरपूर पैसे मोजून हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यावं आणि डॉक्टरांनी वर मिनॉक्सिडिल लावायला सांगावं! मग ऑपरेशन फसलं की काय, अशी शंका बऱ्याच जणांना येते. तसं नसतं.

डोक्याच्या मागच्या बाजूचे केस डीएचटी या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. पुढे आणून लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि अख्खी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण शेजारचे तुमचे जुने केस? ते आधीसारखेच बारीक होत राहतात. काही वर्षांनी रोपलेले केस जागेवर आणि मधलं रान मोकळं, असंही होऊ शकतं. मिनॉक्सिडिल मुख्यतः या जुन्या केसांसाठी असतं.

हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते टाळूवर लावून पाहिलं गेलं. १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी त्याला मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे ते स्वतः काहीच करत नाही. केसाच्या मुळाशी असलेलं सल्फोट्रान्सफरेज हे एन्झाइम त्याचं मिनॉक्सिडिल सल्फेट बनवतं, तेव्हा कुठे काम सुरू होतं. हे एन्झाइम सगळ्यांत सारखं नसतं. म्हणून मित्राला लागू पडलेली बाटली तुम्हाला पडेलच असं नाही.

आता घाबरवणारा भाग. औषध आराम करणाऱ्या मुळांना वाढीला लावतं, त्यामुळे जुना केस आधी गळतो. त्याच सुमारास, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत, रोपलेले केसही गळतात. मुळं मात्र आत शाबूत असतात. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात. ही गळती बघून औषध सोडू नका, आधी सर्जनशी बोला.

घाईही नको. ओल्या जखमेवर त्यातलं अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल झोंबतं, शिवाय औषध रक्तात जास्त शोषलं जातं. मग चक्कर, धडधड. खपल्या पडून त्वचा भरून येऊ द्या. तारीख सर्जनने सांगितलेलीच पाळा.

मिनॉक्सिडिल डीएचटीला अडवत नाही. त्यामुळे बंद केलं की त्याने टिकवलेले केस काही महिन्यांत जातात. आणि घरात मांजर असेल तर लावल्यावर हात नीट धुवा, उशीची खोळ बदलत राहा. थोडंसं मिनॉक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेतू शकतं.