जोगाईचं आंबं आणि बाकीची बारशी

पवित्र भूमीची नावं बदलली म्हटलं की लोकांना कनान आणि यहूदा आठवतात. बार कोखबाचं बंड मोडल्यावर इ.स. 135 च्या सुमारास हेड्रियन बादशहानं यहूदिया हे नाव पुसून सीरिया पॅलेस्टिना असं नवं नाव लादलं. असे हेड्रियन आमच्या बीड जिल्ह्यातही होऊन गेले. धारूरचं फतेहाबाद, बीडची चंपावती, परळीची कांतीपुरी, ही जंत्री दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या अंकात येतेच. ती मी सोडतो. मला बोलायचंय अंबाजोगाईबद्दल.

पंडितांचं आम्रपूर, पोथ्यांतली अंबानगरी, नदीवरून जयंतीपूर, जुन्या माणसांच्या तोंडी जोगाईचं आंबं. या सगळ्यांत माझा जीव अडकला तो खोलेश्वरापाशी. सिंघण यादवाचा हा सेनापती. त्याच्या घराण्याचे शके 1150 आणि 1162 चे शिलालेख इथं आहेत. ग. ह. खऱ्यांनी ते वाचून छापले, म्हणून आपल्याला कळलं की त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला, आणि रामाच्या बहिणीनं, लक्ष्मीनं, भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधून अज्ञान भाच्याच्या नावानं कारभार पाहिला. तेराव्या शतकातली एक बाई मुलूख सांभाळते आहे! आमच्या सभांतून मात्र चर्चा कशाची, तर कोकणातून आलेलं योगेश्वरी देवीचं वऱ्हाड दगड कसं झालं याची. कथा गोड आहे, चित्पावनांची कुलदेवता इथं कशी याचं उत्तरही तिच्यात आहे. पण लक्ष्मीलाही दोन मिनिटं द्या की.

मुकुंदराजांचा वाद तर संपतच नाही. त्यांचा 'विवेकसिंधु' शके 1110 चा. त्यातली अंबानगरी म्हणजे वैनगंगेकाठचं आंभोरा, असं विदर्भातले काही विद्वान मित्र मांडतात आणि ग्रंथातला नदीचा उल्लेख पुढे करतात. करोत. मुकुंदराजांची समाधी आंब्याच्या दरीत आहे, आणि ज्या गावाला दासोपंतांनी चाळीसेक फुटांच्या पासोडीवर पंचीकरण लिहून ठेवलं, त्या गावाला ग्रंथ उसना आणायची गरज पडावी, हे मला तरी पटत नाही.

निजामी काळ थोडक्यात आटोपतो. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथं छावणी होती, आणि दप्तरात गाव मोमिनाबाद. त्याच मोमिनाबादेत हिप्परग्याहून आलेले स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला उभे राहिले, आणि त्या शाळेच्या पाटीवर नाव होतं योगेश्वरीचं. निजामी गेल्यावर यथावकाश मोमिनाबादही गेलं. फारसं कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण बाजारच्या दिवशी माणसं आधीपासून आंब्यालाच जात होती. साखर कारखाना निघाला तोही लोकांच्या तोंडी अंबासाखरच.

अलीकडे शेजारी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यापासून आमच्याकडच्या उत्साही मंडळींनाही नामांतराचे उमाळे येतात. निवेदनं निघतात, फलक लागतात, त्यावर फोटो मोठे आणि गाव बारीक. यातल्या एकानं मला मागे विचारलं, खोलेश्वर कोणत्या पक्षाचा? त्याला मी देवळाकडे घेऊन गेलो. आधी खऱ्यांचं वाचन मराठीत उतरवून शाळेतल्या पोरांच्या हाती द्या, असं तिथंच सांगितलं. निवेदनावर सही मागू नका, हेही सांगितलं.