जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे कसे? 'फॉरमॅट' विचारलं तर आधी थांबा!

मोबाईलचा कॅमेरा चांगला होण्याआधी गावातल्या बऱ्याच घरांत छोटा डिजिटल कॅमेरा आला होता. बारसं, साखरपुडा, गावची जत्रा, नव्या ट्रॅक्टरची पूजा, सगळं त्यात टिपलं गेलं. पण फोटो छापून आणायचं राहून गेलं. पुढे मोबाईल आला आणि कॅमेरा कपाटात गेला. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की फ्रेमसाठी एक बरा फोटो सापडत नाही, आणि मग त्या कॅमेऱ्याची आठवण होते. तेव्हा घाई होते आणि घाईत चूक झाली की फोटो गेलेच म्हणून समजा. हे काम सवडीने केलं तर अर्ध्या तासाचं आहे.

आधी कार्ड बाहेर काढा

कॅमेरा बंद करावा. बॅटरीच्या झाकणाजवळच कार्डची खाच असते. कार्ड बोटाने हलकं आत दाबलं की 'टक्' आवाज होऊन बाहेर येतं, ओढाताण करू नये. बहुतेक कॅमेऱ्यांत एसडी कार्ड असतं. मात्र सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत 'मेमरी स्टिक', तर ऑलिंपस आणि फुजीच्या काही कॅमेऱ्यांत 'एक्सडी' कार्ड यायचं. त्यांना वेगळा रीडर लागतो. तो मिळाला नाही तर कॅमेऱ्याची मूळ यूएसबी केबल शोधावी.

एसडी कार्डच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो 'लॉक'कडे सरकवला की कार्डवरचं काही पुसलं जात नाही आणि नवीन काही लिहिलंही जात नाही. सायबर कॅफे किंवा फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरला कार्ड लावायचं असेल तर हा खटका आधी लावावा. अशा ठिकाणी दिवसभर लोकांचे पेन ड्राईव्ह लागतात, आणि त्यांतला व्हायरस आपल्या कार्डवर येऊ शकतो.

कॉम्प्युटरवर घेताना

लॅपटॉपला कार्डची खाच असेल तर कार्ड थेट तिथे लावता येतं. नसेल तर यूएसबीचा कार्ड रीडर मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. अगदी जुना रीडर २ जीबीच्या पुढचं कार्ड वाचत नाही. तेव्हा कार्ड दिसलं नाही म्हणजे ते खराबच झालं, असं लगेच समजू नये. आधी दुसरा रीडर लावून पाहावा.

विंडोज कॉम्प्युटरवर पुढच्या क्रमाने जावं:

१. 'धिस पीसी' उघडा. तिथे कार्डचा नवीन ड्राईव्ह दिसेल.

२. त्यात 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर असतं. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, फोटो बहुधा याच फोल्डरमध्ये असतात. आत आणखी एक-दोन फोल्डर दिसतील, तीही उघडून पाहा.

३. कंट्रोल आणि ए ही बटणं एकत्र दाबली की सगळे फोटो निवडले जातात. मग कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करा.

४. कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर तयार करा, ते उघडा आणि कंट्रोल व व्ही दाबून पेस्ट करा.

इथे 'कट' वापरू नये, 'कॉपी'च करावं. मध्येच लाईट गेली किंवा केबल निसटली तरी कार्डवरचे मूळ फोटो शाबूत राहतात.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोटोंची संख्या जुळते का ते बघावं. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे थोडे फोटो उघडून पाहावेत. फोटोवर दोनदा क्लिक केलं की तो उघडतो आणि बाणाच्या बटणाने पुढचा-मागचा फोटो दिसतो. हे तपासल्याशिवाय कार्ड रिकामं करू नये.

कार्डवर काहीच नसेल तरी कॅमेरा टाकून देऊ नये. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत आतलीही थोडी मेमरी असते. कार्ड काढून, केबल लावून तीही तपासावी.

'फॉरमॅट' विचारलं तर

कधी कधी कार्ड लावल्यावर कॉम्प्युटर विचारतो, 'फॉरमॅट करायचं का?' तिथे 'कॅन्सल' दाबावं. कॉम्प्युटरला कार्ड वाचता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोटो आत असू शकतात.

चुकून फोटो डिलीट झाले असतील, तरी आशा असते. डिलीट केल्यावर फोटो लगेच पुसला जात नाही, त्याची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवीन फोटो बसला की मात्र जुना कायमचा जातो. म्हणून अशा कार्डवर एकही नवीन फोटो काढू नये. 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून जाणकाराकडून प्रयत्न करून घ्यावा. परत मिळालेले फोटो त्याच कार्डवर नाही, कॉम्प्युटरवर सेव्ह करावेत.

कॉम्प्युटरच नसेल तर

मोबाईलला लागणारा ओटीजी कार्ड रीडर मिळतो. तो फोनला लावला की 'फाईल्स' ॲपमध्ये कार्ड दिसतं आणि फोटो फोनमध्ये कॉपी करता येतात. फोनमध्ये जागा किती आहे ते आधी बघावं.

नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नेहमीसारखा पाठवला तर त्याचा आकार कमी होतो आणि मोठी फ्रेम करताना फोटो फाटल्यासारखा दिसतो.

शेवटचं, पण महत्त्वाचं

फोटो एकाच जागी ठेवू नयेत. एक प्रत कॉम्प्युटरवर आणि दुसरी पेन ड्राईव्हवर किंवा गुगल ड्राईव्हवर असावी. फोटोवरच्या तारखेवरही फार विसंबू नये. बॅटरी बरेच दिवस बंद राहिली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं आणि पुढच्या फोटोंवर चुकीची तारीख पडते.

त्यापेक्षा आजी-आजोबांना कॉम्प्युटरसमोर बसवावं. फोटोत कोण आहे, कुणाचं लग्न आहे हे विचारून फोल्डरला तसं नाव द्यावं. फोटो कॉम्प्युटर जपून ठेवील, पण त्यातली माणसं ओळखणारे आज घरात आहेत, तोवरच हे विचारून घेता येईल.