कुकिंग रेंज रुसते तेव्हा

सुट्टी संपवून मंडळी ऑगस्टच्या शेवटी दुबई-शारजात परतू लागली, की घरोघरी एक ठरलेला प्रकार होतो. बॅगा उघडल्या जातात, फ्रिज सुरू होतो, गणपती तोंडावर आलेले असतात. आणि वहिनी ओव्हनचं बटण फिरवतात तोच खट्! वीज गुल. "निघताना तर चांगला चालत होता," हे वाक्य मग पुढचे दोन दिवस फोनवर ऐकू येतं. नातूरला निरोप जातो, नातूर त्याच्या ओळखीच्या कुणाला तरी आणतो आणि तो दुरूनच "एलिमेंट गया, साब" म्हणून मोकळा होतो.

एलिमेंट कधी खरंच गेलेलं असतं. पण पुष्कळदा ते नुसतं दमट झालेलं असतं, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. ओव्हनचं एलिमेंट म्हणजे धातूची नळी. तिच्या आत तापणारी तार आणि तार नि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड गच्च दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज मात्र अडवते. तिचा दुर्गुण एकच, की ती हवेतली ओल शोषते. इथल्या किनाऱ्यावरचा जुलै-ऑगस्ट म्हणजे घामाच्या धारा. त्यात घर बंद, एसी बंद. सहा-आठ आठवड्यांत नळीच्या टोकांतून ओल आत शिरते आणि बटण फिरवताच थोडी वीज नळीतून अर्थकडे गळू लागते. ही गळती आपल्या डीबीमधला ईएलसीबी ताबडतोब पकडतो आणि पडतो. म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलेलं असतं.

अशा वेळी रेंजची सगळी बटणं शून्यावर आणावीत, ईएलसीबी वर करावा आणि एकेक बटण फिरवून पाहावं. ज्या बटणाला तो पडतो, गळती तिथली. सगळं शून्यावर असतानाही पडत असेल तर रेंजचा भिंतीवरचा मोठा स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. तो मेगरने एलिमेंट तपासेल, काढून सुकवून पाहील, नाहीच जमलं तर बदलेल. ज्यांच्याकडे रेंज अजून पडलेली नाही त्यांनी सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच दिवशी ओव्हन 250 अंशांवर नेऊ नये. प्रत्येक प्लेट आणि ओव्हन आळीपाळीने मंद आचेवर थोडा वेळ चालवावेत, ओल हळूहळू निघून जाते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. ट्रिप होणं थांबवण्याचा एक "स्वस्त" उपाय काही हरहुन्नरी मंडळी करून देतात. रेंजची हिरवी-पिवळी अर्थची वायर सोडवून ठेवायची. ईएलसीबी पडायचा थांबतो, सगळे खूश, वीस-पंचवीस दिरहॅममध्ये काम फत्ते! पण गळती थांबलेली नसते, फक्त तिची वाट बंद झालेली असते. आता रेंजचं पत्र्याचं अंग स्वतःच विजेचं झालेलं असतं आणि ती वीज वाट पाहते कुणीतरी एका हाताने ओव्हनचं दार आणि दुसऱ्या हाताने सिंकचा नळ धरण्याची. त्या क्षणी ईएलसीबी पडेल अशी आशा, पण आशेवर स्वयंपाकघर चालवू नये. दुरुस्ती करणारा गेल्यावर "अर्थ जोडलाय ना?" एवढं विचारायला लाजू नका. शक्य तर तो काम करत असताना शेजारी उभे राहा.

दुसरा धोका ढिल्या स्क्रूचा. शारजातल्या एका ओळखीच्या घरी रेंजमागून अधूनमधून जळकट, मासळीसारखा वास यायचा. आठवडाभर फ्रिज धुऊन झाला, कचऱ्याचा डबा बदलला. शेवटी रेंज पुढे ओढली तेव्हा मागच्या जोडणीच्या ठोकळ्याचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसलं. तापलेलं प्लास्टिक असा वास देतं, हे लक्षात ठेवावं. रेंज दिवसातून अनेकदा तापते आणि निवते, त्यासरशी तांबं फुगतं-आकसतं आणि स्क्रू सैल होतात. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. दोन वर्षांतून एकदा मेन बंद करून हे स्क्रू जाणकाराकडून आवळून घ्यावेत. याच ठोकळ्यावर तांब्याच्या छोट्या पट्ट्या असतात. एकाच फेजवर रेंज चालवायची तर त्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्यातली एखादी निसटली की दोन प्लेट चालतात, दोन मेलेल्या. अशा वेळी नव्या प्लेटा विकत घेण्याआधी पट्टी पाहायला सांगा.

आणि चार प्लेटची रेंज 13 अँपिअरच्या चौकोनी पिनांच्या प्लगवर कधीच चालवू नये. हिशेब सोपा आहे. चार प्लेट मिळून 6,000 वॅट, ओव्हन 2,500, एकूण 8,500. 230 व्होल्टने भागलं की 37 अँपिअर. तिला स्वतःची जाड केबल आणि बहुधा 32 अँपिअरचा ब्रेकर असतो. सगळं एकाच वेळी पूर्ण आचेवर क्वचितच असतं म्हणून रोज निभावतं. दिवाळीच्या फराळाच्या दिवशी मात्र चारही प्लेट, ओव्हनमध्ये नानकटाई आणि रेंजच्याच पाटीवरच्या सॉकेटमध्ये चहाची किटली, असा थाट झाला की हिशेब 50 अँपिअरकडे जातो आणि ब्रेकर पडतो. यात बिघाड काहीच नाही. किटली दुसरीकडे लावा.

बिघाड नसलेल्या बिघाडांची यादी तशी लांब आहे. सगळ्यात मजेशीर म्हणजे ओव्हनचं घड्याळ. वीज जाऊन आली की पुष्कळ युरोपीय ओव्हनचं घड्याळ शून्यावर लुकलुकत बसतं आणि वेळ लावेपर्यंत, किंवा हाताचं चित्र असलेलं बटण दाबेपर्यंत, ओव्हन तापतच नाही. प्लेटा चालू, ओव्हन बंद! एवढ्या एका बटणासाठी लोकांनी घरी येण्याची पूर्ण फी मोजलेली मी पाहिली आहे. काचेच्या रेंजवरची लाल चकती मिनिटाला विझते-पेटते, तेही बिघडल्यामुळे नव्हे. आच कमी करण्याची तिची रीतच ती.

बिडाच्या काळ्या प्लेटचं थोडं वेगळं. तिच्या पोटात सहसा तीन तारा असतात आणि सहा आकड्यांचं बटण त्या निरनिराळ्या तऱ्हेने जोडतं. 1 वर तिन्ही एकामागून एक, 6 वर तिन्ही शेजारी शेजारी. म्हणून 6 वर प्लेट तापते पण पूर्वीइतकी नाही, आणि 1 वर अजिबात नाही, असं झालं तर बहुधा एक तार तुटली आहे. लाल ठिपक्याची प्लेट लवकर तापणारी असते, रिकामी ठेवली तर स्वतःच आच कमी करते. बिडाला गंज चढू नये म्हणून पुसून कोरडी करावी आणि तेलाचा किंचित हात फिरवावा, आपल्या भिडाच्या तव्याला करतो तसाच.

आपल्या भांड्यांचा या रेंजशी जुना वाद आहे. खोलगट तवा, गोल बुडाची कढई, बूड फुगलेला कुकर यांचा प्लेटशी स्पर्श जेमतेम. उरलेली उष्णता कुठे जाणार? प्लेटमध्येच, आणि ती अकाली मरते. सपाट, जाड बुडाचं भांडं घ्यावं. प्लेट बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते हे दूध उतू घालवून सगळ्यांनीच शिकलेलं असतं. त्याचा फायदाही घेता येतो: भाताला शेवटची शिट्टी येण्याआधीच बटण बंद करावं. फुलके जाळीवर छान फुगतात, भरिताचं वांगं ग्रिलखाली भाजतं. धुराची चव येत नाही हे खरं, त्याला इलाज नाही.

काचेच्या रेंजवर तिळाच्या लाडवांचा गुळाचा पाक सांडला तर मात्र घाई करावी. इतर डाग निवल्यावर पुसतात. पाक गरम असतानाच, हात सांभाळून, ब्लेडच्या खरवडणीने काढावा. थंड होताना तो काचेला चिकटून तिचे टवके उडवतो. काचेला तडा गेला असेल तर वापर तिथेच थांबवायचा, कारण सांडलेलं पाणी तड्यातून थेट विजेपर्यंत पोचतं. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवून मोठा स्विच बंद करावा. पाणी कदापि नाही. आवरत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडावं आणि 997 वर सिव्हिल डिफेन्सला फोन करावा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. रेंज घरासोबत आलेली असेल तर दुबईत 2007 चा भाडेकायदा क्रमांक 26 असं म्हणतो की वेगळं काही ठरलं नसेल तर देखभाल-दुरुस्ती घरमालकाकडे. पण बहुतेक करारांत वेगळं ठरलेलं असतं: अमुक दिरहॅमपर्यंतचा खर्च भाडेकरूचा. तो आकडा सही करण्याआधी वाचा आणि किल्ली घेताना चारही प्लेट, ओव्हन, ग्रिल स्वतः लावून पाहा. जे चालत नाही ते तिथल्या तिथे कागदावर लिहून घ्या.